किल्ल्यावरचा डायनासोर पगारी आहे

चार-पाच वर्षांचा मुलगा काही सांगू लागला की त्याच्या गोष्टीतले कायदे आधी समजून घ्यावे लागतात. कायदे असतातच. साताऱ्यातल्या एका बालवाडीत मी बरीच वर्षं शिकवते आहे आणि घरी दोन मुलगे आहेत, त्यामुळे शाळा सुटली तरी माझा विषय सुटत नाही. आमच्या वर्गात एक निळी सतरंजी आहे. ती अंथरली की बहुतेक वेळा तिची कृष्णा नदी होते. मग तिच्यावरून चालता येत नाही, पोहावं लागतं. पाटावर बसलं तर पाटाची नाव होते. नदीत रुमाल पडला तर भिजतो, डबा भिजत नाही, कारण डब्याला झाकण आहे. एकदा एक पाहुण्या बाई वर्ग बघायला आल्या आणि माझ्याशी बोलत बोलत सरळ सतरंजीवरून चालत गेल्या. कोपऱ्यातून अतिशय काळजीचा आवाज आला, "ताई, त्या बुडाल्या!" दुसऱ्याने धीर दिला, "नाही रे, मोठ्या माणसांना पाणी गुडघ्यापर्यंतच येतं." बाई पलीकडे पोचल्या तेव्हा तिसरा आपला रुमाल घेऊन उभा होता. "पाय पुसा, नाहीतर सर्दी होईल," म्हणाला. बाईंनी वाकून दोन्ही पाय नीट पुसले, रुमाल पिळल्यासारखा केला आणि परत दिला. तेव्हापासून त्या आल्या की मुलं त्यांना नावेत सरकून जागा करून देतात.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी 1933 साली लेनिनग्राडमध्ये मुलांच्या खेळावर एक व्याख्यान दिलं होतं. कल्पनेच्या प्रत्येक खेळाच्या पोटात नियम असतात आणि मूल ते आपखुशीने पाळतं, असं त्यांचं म्हणणं. काठीचा घोडा होतो तो काठीवर टांग टाकता येते म्हणून. पोस्टकार्डाचा घोडा होत नाही. हे वाचलं तेव्हा मला आमच्या घरचा खराटा आठवला. खराटा पहिल्यापासून घोडा आहे. केरसुणी मात्र कधीच घोडा झाली नाही. धाकट्याने ती एकदा घोड्याच्या शेपटीसाठी मागितली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "केरसुणी लक्ष्मी असते बाळा, तिला पाय लागू द्यायचा नाही." त्याने जरा वेळ विचार केला. मग म्हणाला, "बरं, लक्ष्मी घोड्यावर बसेल. मी चालत येतो." आणि खराट्यावर केरसुणी आडवी ठेवून, दोन्ही हातांनी लगाम धरून, त्याने लक्ष्मीला ओसरीपासून स्वयंपाकघरापर्यंत आणलं. सासूबाई मागून सांगत होत्या, "हळू ने रे, पडतील त्या." आजीचा कायदाही राहिला, नातवाचाही राहिला, आणि दोघांपैकी कुणाच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं.

हसू मला आलं. यायचंच. पण अशा वेळी मी स्वयंपाकघरात जाते, पाण्याचा नळ सोडते आणि तिथे हसून घेते. माझ्या कामातला हा एक नियम मी फार कसोशीने पाळते. मुलगा जे बोलतो त्यातली गंमत त्याच्या गंभीरपणातून येते. तो विनोद करत नसतो, एका अडचणीतून वाट काढत असतो. आपण खदखदून हसलो की त्याला कळतं की आपण वेगळ्या जागी उभे आहोत. त्याहून मोठं नुकसान पुढच्या वाक्याने होतं: "परत म्हण ना! काकांना म्हणून दाखव!" मूल परत म्हणतं. तिसऱ्यांदा म्हणताना ते काकांच्या तोंडाकडे बघू लागतं. चौथ्यांदा त्याच्याजवळ गोष्ट उरलेली नसते, हशा मिळवायची युक्ती उरलेली असते. चांगली चांगली मुलं अशी घरच्या कौतुकाने नटवी झालेली मी पाहिली आहेत आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून मुलांचं बोलणं त्यांच्यासमोर फोनवर कुणाला सांगायचं नाही आणि घरच्या ग्रुपवर त्याचे व्हिडिओ टाकायचे नाहीत, असं आमच्या घरात ठरलेलं आहे. ऐकायचं, वाटलं तर वहीत लिहून ठेवायचं.

लिहून ठेवायची ही सवय बालवाडीतली. आमच्या क्षेत्रात ती जुनी आहे. गिजुभाई बधेका वकिली सोडून मुलांत रमले, 1920 साली भावनगरला त्यांनी बालमंदिर सुरू केलं. ताराबाई मोडक तिथे त्यांना जाऊन मिळाल्या आणि 1926 साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढे 1945 मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, आणि तिथून कोसबाडच्या टेकडीपर्यंत हे काम पोचलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली. ह्या मंडळींनी आम्हाला दिलेली सगळ्यात मोलाची गोष्ट माझ्या मते कुठलंही साधन किंवा गाणं नाही. मूल काय करतंय ते मधे न पडता बघत बसायचं, हा धीर त्यांनी दिला.

मुलग्यांविषयीच का लिहिते आहे, तर त्याला कारण आहे. कल्पना मुलींच्याही खेळात तेवढीच असते. पण मुलीने ओढणीची साडी केली की घरात कौतुक होतं आणि मुलाने टॉवेलचा शेला करून दिवाणावरून उडी मारली की त्याला मस्ती म्हणतात. पालकसभेत मुलग्यांच्या आया हमखास विचारतात, "ताई, हा सारखं ढिश्यांव ढिश्यांव करतो, काय करू?" शिकागोतल्या शिक्षिका व्हिव्हियन गसिन पेली यांनी 1984 साली ह्याच प्रश्नावर एक आख्खं पुस्तक लिहिलं. बाहुलीघरात घुसणाऱ्या सुपरहिरो मुलांचा त्यांनाही त्रास व्हायचा. मग त्यांनी टेपरेकॉर्डर लावून मुलांचे खेळ ऐकायला सुरुवात केली, मुलं सांगतील त्या गोष्टी लिहून घेतल्या आणि वर्गात त्या मुलांनाच करून दाखवायला सांगितल्या. आरडाओरड्याच्या आत किती बारीक गोष्ट चालू असते हे त्यातून दिसतं.

मी आयांना सांगते, एकदा जवळ बसून लढाई ऐका. आमच्याकडे प्रतापगड जिल्ह्यातच असल्यामुळे अफझलखानाचा प्रसंग वर्गात फार लोकप्रिय आहे. अडचण एकच असते: चारही मुलांना शिवाजी महाराज व्हायचं असतं, खान व्हायला कुणीच तयार नसतं. म्हणून दप्तरांचा ढीग खान होतो. चार महाराज ओळीने येतात, आधी ढिगाला मिठी मारतात, कारण भेट आधी झाली पाहिजे, आणि मगच पुढची कारवाई. एकदा एकाने मिठी न मारता वार केला, तर बाकीच्या तिघा महाराजांनी त्याला मागे पाठवलं. दुसऱ्या लढायांत मरावं लागतं, त्याचेही कायदे आहेत. मेलेल्याने दहा अंक म्हणून होईपर्यंत उठायचं नाही. मेलेल्याने बोलायचं नाही, पण तहान लागली तर पाणी पिता येतं. एका मुलाला दहापर्यंत अंक नीट येत नसत. सहानंतर अडकला की तो तसाच पडून राहायचा. शेवटी ज्याने त्याला मारलं होतं तोच शेजारी बसून त्याच्या कानात "सात, आठ" म्हणू लागला. त्या लढाईत आजवर कुणाला खरचटलेलं मला आठवत नाही.

आणि ह्याच मुलांच्या हातात भातुकली दिली की काय होतं, तेही बघण्यासारखं असतं. वर्गात आम्ही एक घर मांडलं आहे: चूल, कपबशा, पोळपाट-लाटणं, एक पाळणा. एक मुलगा रोज त्या घरात जाऊन चहा करायचा. कधी पाळण्यातल्या बाळाला, कधी दारात बसलेल्या वाघाला द्यायचा. त्याचे वडील एमआयडीसीत शिफ्टला असत. एका शनिवारी ते न्यायला आले आणि मुलगा घरातून उठेना, गॅसवर चहा ठेवला होता. वडील दाराशी अवघडून उभे. मी त्यांना आत बसायला सांगितलं. ते त्या बुटक्या पाटावर गुडघे छातीशी घेऊन बसले. मुलाने बोटाएवढ्या किटलीतून कपात चहा ओतला, कप दोन्ही हातांत धरून आणला आणि म्हणाला, "फुंकून प्या पप्पा, गरम आहे." त्यांनी फुंकलं. एकदा नाही, चार-पाचदा, आणि मग आवाज करत प्याले. मुलगा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. "साखर कमी झाली का?" "नाही, झकास आहे." "मग कामावर झोप नाही येणार." वडिलांनी कप खाली ठेवला आणि जरा वेळ काही बोलले नाहीत. रात्रपाळीला निघताना घरी रोज हेच बोलणं होत असणार, फक्त तेव्हा कप दुसऱ्या कुणाच्या हातात असतो. पुढे बाप-लेक रोज थोडा वेळ चहाला बसून मग निघायचे.

आता घरचं सांगते. दिवाळीचा किल्ला हा आमच्या घरातला वर्षातला सगळ्यात मोठा प्रकल्प. थोरला आठ वर्षांचा आणि धाकटा पाच वर्षांचा होता त्या दिवाळीची गोष्ट. थोरल्याला तेव्हा इतिहास नुकताच चढला होता. आमच्या गच्चीवरून अजिंक्यतारा समोर दिसतो. शाहू महाराजांचा राज्याभिषेक 1708 साली साताऱ्यात झाला, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे. साहजिकच किल्ला अजिंक्यताराच करायचा ठरला. विटा रचल्या, वर भिजवलेलं गोणपाट टाकलं, लाल मातीचा राडा करून लिंपलं, उतारावर हळीव पेरले. हळीव उगवून हिरवं व्हायला पाच-सहा दिवस लागतात, म्हणून हे सगळं वसुबारसेच्या आधीच करावं लागतं. मग कुंभारवाड्यातून चित्रं आणली. चित्रं म्हणजे किल्ल्यावर मांडायच्या मातीच्या मूर्ती: सिंहासनावर बसलेले महाराज, मावळे, तोफा, गवळण, भाजीवाली, वाघ आणि एक पांढऱ्या टोपीचा ट्रॅफिक पोलीस. हा पोलीस आमच्या लहानपणीही किल्ल्यावर असायचा.

मांडामांड चालू असताना धाकटा आतून आपला हिरवा डायनासोर घेऊन आला आणि त्याने तो महादरवाजात उभा केला. दरवाजा डायनासोरच्या पोटापर्यंत येत होता.

थोरला म्हणाला, "उचल तो. महाराजांच्या काळात डायनासोर नव्हते."

धाकट्याने ट्रॅफिक पोलिसाकडे बोट केलं. "हा होता?"

थोरला गप्प झाला. प्रश्न बिनतोड होता. तो म्हणाला, "तो चित्रांत मिळतो." धाकटा म्हणाला, "हापण दुकानातच मिळाला." मग धाकट्याने दुसरी मागणी पुढे केली. त्याने एक अगरबत्ती आणली आणि बालेकिल्ल्याच्या बाजूला खोचायला लागला. हा टॉवर. थोरला आता खरंच चिडला. अजिंक्यताऱ्यावर टॉवर कसा? धाकट्याने त्याचा हात धरून त्याला गच्चीच्या कठड्याशी नेलं. समोर खऱ्या अजिंक्यताऱ्यावर टीव्हीचा टॉवर उभा होता, कित्येक वर्षांपासून आहे. "बघ," धाकटा म्हणाला. एवढंच म्हणाला.

ह्या ठिकाणी मोठ्या माणसाला निकाल द्यायचा मोह होतो. माझी सासूबाईंशी नजरानजर झाली, पण आम्ही दोघीही चकल्या पाडत राहिलो. थोरला बराच वेळ मातीत बोटं घालून बसला. त्याच्यापुढची अडचण खरी होती. इतिहास त्याला प्रिय होता आणि भाऊही किल्ल्याचा निम्मा मालक होता. शेवटी त्याने तोडगा काढला. टॉवर राहील, कारण तो खऱ्या किल्ल्यावर आहे. डायनासोरही राहील, पण तो महाराजांच्या नोकरीत राहील. दरवाजावर पहारा करायचा, रात्री झोपायचं नाही, आणि किल्ल्यावरच्या माणसांना खायचं नाही. "पगार किती?" धाकट्याने विचारलं. थोरल्याने विचार करून सांगितलं, "रोज एक भाकरी आणि महिन्याला एक होन." एका पुठ्ठ्यावर त्याने तसा हुकूमही लिहिला आणि दरवाजाशी लावला. पाडव्याला किल्ला बघायला आलेल्या गल्लीतल्या पोरांना धाकटा आधी तो पुठ्ठा दाखवायचा. डायनासोर पगारी आहे, हे पटल्यावर कुणी शंका काढली नाही.

त्याच किल्ल्यावर आणखी एक प्रश्न निघाला. धाकट्याने विचारलं, "मावळ्यांना शी लागली तर?" शेजारच्या काकूंना एवढं हसू आलं की त्या पदर तोंडाशी धरून आत गेल्या. पण प्रश्न उत्तम होता. किल्ला बांधणाऱ्यांना तो पडलेलाच होता. मालवणच्या सिंधुदुर्गाचं बांधकाम 1664 साली सुरू झालं, त्याच्या तटबंदीत शौचकूप बांधलेले आजही बघायला मिळतात. मी मोबाईलवर फोटो शोधून दाखवला. दोघांचेही डोळे विस्फारले. त्यानंतर तासभर आमच्या अजिंक्यताऱ्याच्या तटाला काडेपेटीच्या खोक्यांचे शौचकूप बसत होते. किती माणसांमागे एक पुरेल, ह्यावर भावांची चर्चा झाली. डायनासोरला स्वतंत्र, मोठा. तोही किल्ल्याच्या बाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, कारण "वास येईल". नगररचनेतला इतका जबाबदार विचार मी मोठ्या माणसांच्या सभेतही क्वचित ऐकला आहे.

दिवाळी संपली आणि थोरला तानाजी मालुसऱ्यांच्या गोष्टीवर आला. 1670 सालची ती फेब्रुवारीची रात्र, कोंढाण्याचा, म्हणजे सिंहगडाचा कडा, आणि दोर घेऊन कडा चढणारी यशवंती घोरपड. इतिहासकार घोरपडीचा भाग दंतकथा मानतात, पण पोवाड्यातून आणि गोष्टींतून ती घरोघरी पोचलेली आहे. थोरल्याने गोष्ट ऐकली आणि तलवार शोधायला गेला. धाकट्याने गोष्ट ऐकली आणि विचारलं, "यशवंती मग कुठे गेली?" मला उत्तर माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानेच सांगितलं की ती आमच्याकडे राहायला आली आहे. न्हाणीघरात, बंबाच्या मागे.

यशवंतीला शेपू आवडत नाही. शेंगदाण्याची चटणी आवडते. ती आंघोळ करत नाही, कारण तिची कातडी खरखरीत आहे आणि साबण वाया जातो. भिंतीवर दिसणारी पाल तिच्या मावशीची मुलगी आहे. पाहुणे येतात तेव्हा ती लाजते. जेवायला बसताना तिच्यासाठी एक स्टीलची ताटली ठेवावी लागायची. त्यात काही वाढायचं नाही, ताटली मात्र हवी. सासूबाई सुरुवातीला जरा धास्तावल्या. पोराला काही दिसतंबिसतं का, म्हणून हळूच मला विचारलं. मी त्यांना समजावलं की असे सोबती मुलांत अगदी नेहमी आढळतात. अमेरिकेतल्या मार्जोरी टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 2004 सालच्या अभ्यासात सात वर्षांपर्यंतच्या जवळपास दोन-तृतीयांश मुलांना कधी ना कधी असा कल्पनेतला सोबती होता, आणि तो कल्पनेतला आहे हे मुलांना पक्कं ठाऊक असतं.

सासूबाईंची खात्री अभ्यासाने झाली नाही, प्लंबरमुळे झाली. न्हाणीघराचा पाइप तुंबला म्हणून प्लंबर आला होता. तो खाली वाकला तोच धाकटा दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "काका, इथे घोरपड राहते. पण ती खोटी आहे, घाबरू नका." प्लंबरने मान डोलावली आणि पाना काढला. धाकटा जाता जाता परत वळला. "फक्त शेपटीवर पाय देऊ नका." प्लंबर भला माणूस. त्याने पाय उचलून सहा इंच डावीकडे ठेवला आणि काम पुरं केलं. सासूबाई मला म्हणाल्या, "त्याला सगळं कळतंय गं." त्या रात्रीपासून यशवंतीची ताटली त्या स्वतः ठेवू लागल्या.

थोरल्याने मधे तिच्यावर एक कायदेशीर हल्लाही केला. घोरपड हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे, हे त्याला कुठल्याशा पुस्तकात सापडलं. तो धाकट्याला म्हणाला, "घोरपड पाळणं गुन्हा आहे. वनखात्याची माणसं येतील." धाकटा घाबरला नाही. "मी कुठे पाळलीय? ती राहायला आलीय." थोरला ते पुस्तक घेऊन माझ्याकडे आला, पाहुण्याला हे कलम लागतं का म्हणून. ते मलाही सांगता आलं नाही.

आमच्या घरातला तिसरा मोठा खेळ एसटीचा. माझे वडील एसटीत वाहक होते, आता निवृत्त आहेत. मुलं त्यांना आबा म्हणतात. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, हे मुलांना पाढ्यांच्या आधी आलं. जेवणाच्या चार खुर्च्या, मागे दिवाण म्हणजे शेवटची लांब सीट, कॅल्क्युलेटर म्हणजे तिकिटाचं मशीन. आजीला एरवी "अगं आजी" म्हणणारा धाकटा वाहक झाला की "अहो आजी, पुढे सरका, मागे जागा आहे" म्हणतो. गाड्या कुठेही जातात. सातारा ते चंद्र विनाथांबा ही गाडी रोज सुटते, फक्त कराडला चहाला थांबते. कराड उलट्या दिशेला आहे की काय, असं चंद्राच्या बाबतीत म्हणता येत नाही, हे थोरल्यानेही मान्य केलं आहे.

सवलतींच्या बाबतीत मात्र दोघंही काटेकोर आहेत. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं. धाकट्याला पाच पूर्ण झाली त्या वाढदिवसाला त्याने केकच्या आधी एसटीने जायचा हट्ट धरला होता, कारण "मला आता अर्धं लागतं". खऱ्या वाहकाकडून स्वतःचं तिकीट घेतलं, ते घरी आणून देवघरात ठेवलं. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी मोफत झाली, मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, हे बदल आमच्या जेवणाच्या खुर्च्यांवरही त्याच आठवड्यात लागू झाले. सासूबाई त्र्याहत्तरच्या. थोरल्या वाहकाने त्यांच्याकडे आधारकार्ड मागितलं. त्या उठल्या, कपाट उघडलं, साड्यांच्या घडीखालून पाकीट काढलं आणि कार्ड आणून दाखवलं. थोरल्याने जन्मसाल वाचलं. "पंचाहत्तर पूर्ण नाहीत. अर्धं पडेल."

प्रवासी म्हणून शेजारी बसलेला धाकटा आजीच्या मदतीला आला. "बाई म्हणून अर्धं माफ. म्हातारी म्हणून अर्धं माफ. दोन अर्धे मिळून पूर्ण माफ!" सासूबाईंना हा हिशेब फार आवडला. वाहक अडून बसला. गाडी खोळंबली. शेवटी आबांना फोन लावला. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. हसले नाहीत, हे मी मुद्दाम सांगते. म्हणाले, "एका प्रवाशाला एका वेळी एकच सवलत. पण प्रवाशाशी वाद घालून गाडीला उशीर करायचा नाही. घंटी दे." थोरल्याने दोन घंट्या दिल्या.

ह्या मे महिन्यात धाकट्याने जाहीर केलं की यशवंती माहेरी सिंहगडावर जाते आहे. सुट्टीत सगळेच जातात. थोरल्याला आता अशा खेळात यायला जरा संकोच वाटतो, तो पुस्तक घेऊन दिवाणावर पडला होता. धाकट्याने खुर्च्या लावल्या, पण वाहक नव्हता, आणि स्वतःच प्रवाशाला पोचवायला आल्यामुळे त्याला वाहक होता येत नव्हतं. तो भावाजवळ जाऊन उभा राहिला. थोरल्याने पुस्तकाचं पान दुमडलं, कॅल्क्युलेटर उचलला आणि उठला.

"कुठे जायचं?"

"सिंहगड. तिला एकटीला."

"वय?"

धाकट्याने माझ्याकडे बघितलं. थोरल्याने स्वतःच कॅल्क्युलेटरवर 1670 वजा केले. "साडेतीनशेच्या वर. पंचाहत्तर पूर्ण. मोफत. आधारकार्ड?"

"घोरपडींना नसतं."

"मग मोफत नाही देता येणार." थोरला थांबला, विचार केला. "महिला आहे का?"

"हो!"

"मग अर्धं. स्वारगेटपर्यंत देतो. तिथे उतरून पुढे दुसरी बस घ्यायची. त्या बसला एसटीची सवलत चालत नाही, पूर्ण तिकीट पडेल. सुट्टे पैसे आहेत ना तिच्याकडे?"

धाकट्याने बंबाच्या दिशेने तोंड करून विचारलं आणि परत येऊन सांगितलं की तिच्याकडे फक्त होन आहेत.